थकवा आणि डोकेदुखी जात नाही: बाटली लावायची, पीएचसी गाठायची की थेट सेवाग्राम?

आमच्या वहिनीचं डोकं पोळ्याला दुखायला लागलं, ते दिवाळी आली तरी थांबेना. सकाळी उठतानाच अंग गळालेलं, कापूस वेचायला वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी. घरात चार माणसं, चार मतं. दादा म्हणे गावातल्या दवाखान्यात सलाइनची बाटली लाव. आशाताई म्हणत पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, रक्त तपासा. जावईबापू तालुक्याच्या एम.डी.चं नाव घेत, आणि आई वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या मोठ्या रुग्णालयाचं एकच म्हणे, "एकडाव सेवाग्रामले नेऊन आणा, किटकिट मिटते."

गावातल्या खासगी दवाखान्याचे फायदे खरे आहेत. संध्याकाळी वावरातून आल्यावर तो उघडा असतो, मजुरी बुडत नाही, उधारीही चालते. पण 'ताकदीच्या बाटली'त असतं काय? अर्ध्या लिटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे ग्लुकोज घातलेल्या सलाइनमध्ये, 25 ग्रॅम ग्लुकोज, साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. पाच-सहा चमचे साखरेचं सरबत म्हणा, फक्त शिरेतून. उलट्यांनी पोटात काही ठरत नसेल, तर बाटलीला अर्थ आहे. महिनोन् महिन्यांच्या थकव्याला तिचा उपयोग नाही. बाटलीनंतर जी तरतरी येते, ती कधीकधी सोबतच्या सुईतल्या स्टिरॉइडची असते. दोन दिवस अंग हलकं, तिसऱ्या दिवशी जैसे थे. वरून साखर आणि बीपी वाढायची भीती. वहिनीला अशा तीन बाटल्या लागल्या. तिन्ही वेळा तिच्या दंडाला बीपीचा पट्टा कोणी बांधला नाही, आणि काय टोचलं याची चिठ्ठीही मिळाली नाही. माझा राग आहे तो या न मिळालेल्या चिठ्ठीचा.

पीएचसीचं गणित उलटं आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीपी, साखर, हिमोग्लोबिन तिथेच होतं. आपल्या विदर्भात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, चाचणीही आवर्जून मागा, विशेषतः घरात कुणाला सांधेदुखीचे झटके किंवा वारंवार कावीळ असेल तर. सिकलसेलचा आजार निघाला, तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, कारण तिथे रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर थुंकीची तपासणीही मोफत होते. अडचणी सांगायलाच हव्यात. ओपीडी सकाळची, म्हणजे दिवसाची मजुरी गेली. काही रक्ताचे नमुने बाहेरच्या लॅबला जातात, रिपोर्टसाठी दुसरी चक्कर. कधी डॉक्टर मीटिंगला असतात. म्हणून निघायच्या आधी आशाताईंना फोन करून विचारायचं, एवढ्यानं एक चक्कर वाचते.

तालुक्याच्या एम.डी.कडे त्याच दिवशी सगळं होतं: थायरॉइड, बी-12, सगळं. पैसे लागतात, आणि तपासण्यांची यादी लांबतही जाते. माझं मत असं, की पीएचसीचा रिपोर्ट हातात घेऊन इथे जावं. हिमोग्लोबिन, साखर, बीपी ठीक आहे आणि थकवा मात्र कायम, असं असेल तर इथले पैसे सार्थकी लागतात. चाळिशी उलटली असेल, तर त्याच फेरीत चष्म्याचा नंबरही पाहून घ्या. शिवताना, निवडताना कपाळ दुखतं त्यातलं बरंच तिथे सुटतं.

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल किंवा एम्स ही पुढची पायरी. मोठ्या तपासण्या, सगळे तज्ज्ञ एकाच आवारात. पण पहिल्या फेरीला तिथे गेलात तर अर्धा दिवस रांगेत जातो, आणि शेवटी पहिली तपासणी हिमोग्लोबिनचीच होते. महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे म्हणून भरती न होताच तपासण्या फुकट होतील, हाही समज नको. ती योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे.

वरची सगळी तुलना मात्र सावकाशीच्या दुखण्यासाठी. डोकं एकाएकी कधी नव्हे इतकं दुखलं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तापासोबत मान आखडली, किंवा गरोदर बाईचं डोकं दुखून डोळ्यांपुढे काजवे यायला लागले, तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पिकावर कीटकनाशक फवारल्यानंतर डोकं धरलं, घाम-लाळ सुटली, मळमळलं, तर कपडे काढून साबणानं अंग धुवा, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घ्या आणि ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. 2017 साली यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, ते आपल्या डोळ्यांपुढचं आहे. तिथे बाटलीत वेळ घालवू नका.

आणखी एक, जे आम्हाला उशिरा कळलं. वहिनी किराणा दुकानातली डोकेदुखीची गोळी रोज घेत होती. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस, तीन महिने अशा गोळ्या घेतल्या, की गोळीच डोकं दुखवायला लागते. हे पीएचसीच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिनं आधी "कधीमधी" म्हणून सांगितलं. पाकिटं मी खिशातून काढून टेबलावर ठेवली.

हिमोग्लोबिन निघालं 7.9. बाईमाणसाला किमान 12 हवं. सिकलसेल नव्हतं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत असं बजावून. चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या. या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. पाळीत अंगावरून जास्त जातं का, हेही त्यांनी विचारलं आणि त्यासाठी ग्रामीण रुग्णालयातल्या बाईडॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. दुकानातली गोळी बंद केल्यावर पहिला आठवडा डोकं जास्तच ठणकलं, मग उतरत गेलं.

आमच्याकडे मंगळवारी बाजार, त्या दिवशी मजुरीला सुटी. आता वहिनी महिन्यातल्या एका मंगळवारी आधी पीएचसीत रक्त तपासायला देते, मग भाजीची पिशवी घेऊन बाजारात जाते.