ट्रकमधून रोबो: काही महिन्यांच्या घडामोडीनंतर सांधे काय सांगतात

ट्रान्सफॉर्म होणारी, म्हणजे घडी बदलून वाहनाचा रोबो होणारी, खेळण्यातली कुठलीही फिगर नवी असताना चांगलीच वाटते. सांधे कडक असतात, रंग कोरा असतो आणि ट्रकच्या केबिनमधून डोकं वर आलं की मन खूश होतं. तिचा खरा दर्जा बऱ्याच घड्या घालून-मोडून झाल्यावर कळतो, म्हणून काही महिने हाताळल्यावरच या फिगरबद्दल लिहायला बसलेय. एका लहान कंपनीचा हा सपाट तोंडाचा ट्रक आहे. त्यातून साधारण 25 सेंटिमीटर उंचीचा रोबो उभा राहतो.

ही कल्पना जुनी आहे. टाकारा या जपानी खेळणी कंपनीच्या डायक्लोन मालिकेतला बॅटल कॉन्व्हॉय हा ट्रक-रोबो 1984 मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ट्रान्सफॉर्मर्समधला ऑप्टिमस प्राइम म्हणून आणला, आणि अशा ट्रकची घडी आजही मुख्यतः त्याच वाटेने जाते. केबिनची छाती होते, मागच्या भागाचे पाय होतात. त्या मूळ खेळण्यात ट्रकच्या खऱ्या खिडक्याच छातीवर यायच्या, मुठी मात्र वेगळ्या काढून लावाव्या लागायच्या. आताच्या बऱ्याच महागड्या फिगरमध्ये याच्या उलट असतं. मुठी मनगटात दुमडून आत जातात, पण कार्टूनसारखी रुंद छाती आणि बारीक कंबर साधायची म्हणून खऱ्या खिडक्या पाठीत दडवतात आणि छातीवर दुसऱ्या, खोट्या खिडक्या बसवतात. मला हे मुळीच पटत नाही. ट्रकचा जो भाग आत्ता डोळ्यांसमोर होता, तोच रोबोच्या अंगावर ओळखू यायला हवा. त्यातच या खेळण्याची सगळी गंमत आहे.

इथे ही फिगर मला जिंकते. खिडक्या खऱ्या आहेत आणि समोरची जाळी तशीच पोटावर येते. दिवे कंबरेच्या दोन्ही बाजूंना बसतात. मागच्या चाकांच्या जोड्या पोटऱ्यांच्या बाहेरच्या अंगाला राहतात, समोरून अर्ध्याच दिसतात आणि शोभतात. पाठीवर मात्र केबिनची मागची भिंत राहतेच. वाहनाचे असे उरलेले, लटकते तुकडे म्हणजे किबल. ही भिंत दोनदा दुमडून पाठीला घट्ट चिकटते आणि बाजूने पाहिलं तर दप्तर अडकवल्यासारखी दिसते. मला ती चालते, कारण तिच्या बदल्यात छाती खरी मिळालीय.

मॅक्रॉस या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या विमान-रोबोचे डिझायनर शोजी कावामोरी अशा घड्या लेगोच्या ठोकळ्यांवर आधी करून बघतात, हे या छंदातल्या अनेकांना माहीत आहे. ही फिगर हातात घेतली की त्या पद्धतीचं मोल कळतं. कागदावर सुंदर दिसणारी घडी आणि बोटांना सुचणारी घडी यांत फरक असतो. इथे बहुतेक पायऱ्या बोटांना सुचतात. हात बाहेर ओढला की खांद्यासाठी जागा मोकळी होते, खांदा फिरवला की केबिनचं छप्पर मागे जायला वाट मिळते. सूचनापत्रक मी आता उघडतच नाही. एकच पायरी अजून नकोशी वाटते, ती म्हणजे पोटऱ्यांची बाजूची पॅनेलं. चारही टॅब, म्हणजे पॅनेलच्या कडेच्या छोट्या जिभा, एकाच वेळी खाचेत बसवाव्या लागतात, आणि चौथी बसवताना पहिली सुटते.

आता सांध्यांकडे. खोक्यावर सांध्यांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते, पण त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. अशा फिगरमध्ये सांधे दोन कामांसाठी असतात, काही पोझसाठी आणि काही घडीसाठी. पोझचा सांधा हवा तिथे थांबला पाहिजे. घडीचा सांधा रोबो उभा असताना हलताच कामा नये, त्यासाठी त्याला कुठेतरी कुलूप लागतं, म्हणजे टॅब, खाच किंवा खटका. हे कुलूप कच्चं असलं की संख्या कितीही असो, फिगर हातात डगमगते.

खांदा हे याचं चांगलं उदाहरण. हात केबिनच्या आत जाण्यासाठी खांद्यामागे एक बिजागरी दिलीय. रोबो मोडमध्ये तीच बिजागरी खांदा पुढे आणायला उपयोगी पडते, त्यामुळे दोन्ही हातांनी बंदूक छातीसमोर धरता येते. पुढे आणलेला खांदा तिथेच राहतो, कारण बिजागरीला खटका आहे. घडीची गरज आणि पोझची गरज एकाच तुकड्यात भागवणं हे उत्तम डिझाइन. इतक्या महिन्यांनंतरही तो खटका पहिल्यासारखाच वाजतो.

मांड्यांना रॅचेट आहेत, म्हणजे दातेरी चक्राचे सांधे. एवढ्या वजनाच्या फिगरला ते हवेतच, नुसत्या घर्षणावर पाय टिकणार नाहीत. पण दाते मोठे आहेत. अशा चक्राला 16 दाते असले तर एकेक टप्पा 22.5 अंशांचा पडतो, आणि चालण्याच्या पोझला हवा असलेला कोन नेमका दोन टप्प्यांच्या मध्ये येतो. इथेही तेच होतं. ही उणीव घोट्यांनी बरीचशी भरून काढलीय. पाय फाकवून उभं केलं तरी तळवे आतल्या बाजूला झुकून जमिनीवर सपाट टेकतात. पावलांत धातूचं ओतीव काम आहे, त्यामुळे वजन खाली राहतं आणि एका पायावरची पोझही आधाराशिवाय टिकते. धातू मिरवण्यासाठी तो छातीत भरणाऱ्या फिगर मी हाताळल्यात, त्या पहिल्या धक्क्याला तोंडावर पडतात. गुडघे दुहेरी आहेत आणि एका गुडघ्यावर बसणं सहज जमतं. कोपर तेवढं दुमडत नाही, 90 अंशांच्या थोडं पुढे जाऊन थांबतं. मान झकास.

मनगटं सैल झाली. ती नुसत्या घर्षणावर आहेत आणि प्रत्येक घडीत मूठ आत-बाहेर होते, त्यामुळे ती झिजणार हे दिसतच होतं. जड बंदूक दिली की मूठ वळते. सांधा उघडून खुंटीवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक फ्लोअर पॉलिशचा पातळ थर दिला आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवला. आता पकड छान आहे. उलट दुखणं, म्हणजे फार कडक सांधा, असेल तर सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब पुरतो. पेट्रोलियमचं तेल लावू नये, ताण असलेल्या जागी एबीएसला, म्हणजे अशा खेळण्यांच्या कडक प्लास्टिकला, त्याने तडे जाऊ शकतात.

प्लास्टिकची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. बाहेरची पॅनेलं एबीएसची आहेत आणि ताण येणाऱ्या खुंट्या पॉलिअ‍ॅसिटल या दुसऱ्या प्लास्टिकच्या. पॉलिअ‍ॅसिटल गुळगुळीत असतं आणि सहज झिजत नाही, पण त्यावर रंग धरत नाही. म्हणून इथे त्या खुंट्या रंगवण्याऐवजी राखाडी प्लास्टिकमध्येच ओतल्यात, ते फार बरं केलं. रंग उडालाय तो दोनच जागी, छपराच्या कडेला आणि गुडघ्यावरच्या पट्टीवर. दोन्हीकडे घडी घालताना पॅनेल पॅनेलला घासतं. ट्रक करताना आधी कोपर पूर्ण सरळ केलं तर छपराची कड वाचते. सूचनापत्रकात हे कुठेच नाही.

ट्रक मोडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि ही तक्रार नव्हे. सगळे सांधे नीट लागतात, फटी बारीक आहेत, चाकं मोकळी फिरतात. ट्रक उचलला तरी एकही तुकडा लटकत नाही.

माझा खरा आक्षेप कंबरेवर आहे. घडी घालताना कंबर 180 अंश फिरते आणि मग धडात वर सरकते. रोबोचं अख्खं वरचं वजन या सरकत्या सांध्यावर येतं आणि त्याला धरून ठेवते फक्त एक छोटी टॅब, तीही मऊ एबीएसची. तिची कड गोल झालीय. फिगर सरळ उभी असेल तर कळत नाही, पण हात वर करून मागे झुकवली की धड हळूहळू खाली सरकतं. खांद्याला इतका सुंदर खटका देणाऱ्या डिझायनरने सगळ्यात जास्त भार पडणारा सांधा असा मोकळा सोडावा, याचं मला खरंच वाईट वाटतं. सध्या मी त्या खाचेत पातळ प्लास्टिकची पट्टी बसवलीय. तिने धड थांबतं, पण ट्रक करताना ती दरवेळी काढावी लागते.

कंपनी सुधारित आवृत्ती काढणार असेल तर नवी शस्त्रं नकोत आणि दुसरा चेहराही नको. कंबरेला धातूची पिन असलेलं कुलूप आणि मांडीला बारीक दात्यांचा रॅचेट एवढं दिलं, तर मी ती आवृत्तीही नक्की घेईन. ज्यांना फिगर रोबो करून कपाटातच ठेवायची आहे, त्यांनी हीसुद्धा बिनधास्त घ्यावी. माझ्यासारखी ज्यांना दर थोड्या दिवसांनी घडी घातल्याशिवाय करमत नाही, त्यांनी पहिल्या दिवसापासून कंबरेची टॅब सांभाळावी: धड वर सरकवताना दोन्ही बाजूंनी सारखा जोर द्यावा, आणि टॅब खाचेसमोर नीट आलीय हे पाहिल्याशिवाय दाबू नये.