टॉर्क रेंच घेताना: क्लिक, डायल, बीम, स्लिप की डिजिटल?

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या) कामात ही अडचण नेहमीची आहे. एनजी ६ साइझचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारा) ब्लॉकवर ठेवला तेव्हा स्पूल (आत सरकणारी दांडी) बोटाने सहज सरकत होता, पण चार बोल्ट आवळल्यावर तो अडकला. दोष व्हॉल्व्हवर ढकलला जातो. खरं तर स्पूल आणि बोअर (तो ज्या भोकात सरकतो ते) यांमधली फट काही मायक्रॉनचीच असते, आणि जास्त आवळल्याने बॉडी तेवढी सहज वाकते. ब्लॉकचा पृष्ठभाग १०० मिमीत ०.०१ मिमीच्या आत सपाट नसेल किंवा खाली बर (धातूची बारीक कड) राहिली असेल, तर आणखी लवकर वाकते.

या व्हॉल्व्हला एम ५ चे चार १०.९ ग्रेडचे बोल्ट लागतात आणि त्यांचा टॉर्क (आवळण्याचा पीळ) ७ एनएमच्या (न्यूटन-मीटर) आसपास असतो. ४ मिमी एलन कीचा लांब हात ७० मिमीचा असतो. त्याच्या टोकाला १५ किलोचा जोर दिला की १० एनएम होतात. कीवर पाइपचा तुकडा चढवला तर २० एनएम सहज ओलांडले जातात. म्हणजे बोल्ट जितका बारीक, तितका हाताचा अंदाज जास्त चुकतो. तरीही बहुतेक ठिकाणी एकच टॉर्क रेंच असतो, ४० ते २०० एनएमचा. त्यावर ७ एनएम लावताच येत नाहीत.

म्हणून प्रकाराच्या आधी रेंज ठरवा. महिनाभरात कोणते बोल्ट सर्वांत जास्त आवळले जातात ते लिहून काढा. कोरड्या ८.८ ग्रेडच्या बोल्टांचे ढोबळ आकडे असे: एम ६ ला १०, एम ८ ला २५, एम १० ला ४९, एम १२ ला ८५ एनएम. रेंच आपल्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांखाली भरवशाचा नसतो. व्हॉल्व्ह, फिक्स्चर आणि गेजच्या कामाला ५ ते २५ एनएमचा पाव इंची ड्राइव्हचा रेंच आधी घ्या, २० ते १०० चा दुसरा. ४० ते २०० चा तिसरा लागतो तो ईआर ३२ कोलेटच्या (कटर पकडणाऱ्या चकचा) नटसारख्या कामाला, कारण उत्पादकाच्या तक्त्यात त्याचा आकडा १३० च्या पुढे जातो.

आता प्रकार. रोजच्या जोडणीला क्लिक रेंच (लावलेला टॉर्क आला की टिक करणारा) सर्वांत सोयीचा. आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १० एनएमपर्यंत ±६ टक्के आणि त्यापुढे ±४ टक्के चूक चालते, आणि चांगला क्लिक रेंच त्याच्या बराच आत राहतो. त्याच्या मर्यादा मात्र ठाऊक हव्यात. कमी टॉर्कला क्लिकचा आवाज मंद असतो. शेजारी ग्राइंडर सुरू असेल तर तो ऐकू येत नाही, फक्त हाताला जाणवतो. क्लिकनंतरही ओढत राहिलं तर टॉर्क वाढतच जातो. आधीच आवळलेल्या बोल्टवर लावला आणि लगेच क्लिक झाला, तर बोल्टवर किती टॉर्क आहे ते त्यातून कळत नाही. पाव फेरा सैल करून पुन्हा आवळावा लागतो.

स्प्रिंगच्या रेंचला काम संपल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं असतं, त्याच्याही खाली नाही. स्टाहलविलेच्या मॅनोस्कोप मालिकेत स्प्रिंगऐवजी वाकणारी दांडी असते, त्यामुळे तो मागे आणावा लागत नाही. जिथे तीन पाळ्यांत तीन हात एकच हत्यार वापरतात तिथे जास्तीचे पैसे यासाठी द्यावेत असं आमचं मत आहे, कारण रोज रात्री आकडा मागे आणण्याचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

स्लिप प्रकार ठरलेल्या टॉर्कला घसरतो, त्यामुळे जादा आवळताच येत नाही. सीएनसी टूलहोल्डरच्या इन्सर्टला (बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याला) याच पद्धतीचा टॉर्क स्क्रू ड्रायव्हर घ्या. टी १५ (टॉर्क्स खाचेचा साइझ) च्या स्क्रूला साधारण ३ एनएम, टी ८ ला सव्वा एनएम. जास्त आवळला की स्क्रूची खाच झिजते, कमी पडला की इन्सर्ट हलतो आणि फिनिश बिघडते.

डायल रेंच (आवळताना काट्यावर टॉर्क दाखवणारा) जोडणीला हळू, पण तपासणीला त्याला तोड नाही. बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) पाहताना शाफ्ट फिरता ठेवून टॉर्क वाचावा लागतो. ते क्लिकने होत नाही. घेताना एक प्रश्न विचारा: अचूकता वाचनाच्या टक्क्यांत आहे की पूर्ण स्केलच्या? ० ते १०० च्या डायलवर पूर्ण स्केलच्या ±३ टक्के म्हणजे सगळीकडे ±३ एनएम, म्हणजे १० एनएम वाचताना ३० टक्के चूक. शिवाय एकदा जमिनीवर आपटला की कॅलिब्रेशनशिवाय वापरू नये.

बीम (दांडी वाकते तसा काटा स्केलवर आकडा दाखवतो) स्वस्त, दोन्ही दिशांना चालणारा आणि टिकाऊ. काटा सरळ समोरून वाचावा लागतो, म्हणून अडचणीच्या जागी निरुपयोगी. गॅरेजमध्ये पडताळणीसाठी ठेवायला ठीक.

डिजिटल साधारण ±१ ते २ टक्क्यांत असतो, नोंद ठेवतो, आणि कोन मोजणारा असेल तर ‘इतका टॉर्क, मग ९० अंश’ अशा इंजिनच्या हेड बोल्टला हाच योग्य. हत्तरगीच्या एअरोस्पेस पट्ट्यातला ग्राहक प्रत्येक बोल्टची नोंद मागत असेल तर पर्याय नाही. तशी मागणी नसेल तर त्या पैशात दोन चांगले क्लिक रेंच आणि त्यांचं कॅलिब्रेशन होतं, आणि आम्ही तेच करू. डिजिटलला प्रत्येक वेळी शून्य करावं लागतं, आणि सेल आत तसेच राहिले तर गळतात. खानापूर बाजूच्या पावसाळी दमटपणात हे जास्त सांभाळावं लागतं.

रेंच कितीही चांगला असला तरी आट्यांवरच्या तेलापुढे त्याचं चालत नाही. दिलेल्या टॉर्कपैकी सुमारे ९० टक्के घर्षणात जातो. घर्षणावर ठरणारा नट फॅक्टर (टॉर्कवरून बोल्टचा ताण काढण्याचा गुणक) ०.२० वरून ०.१५ झाला की त्याच १० एनएमला एम ६ मधला ताण ८.३ वरून ११.१ किलोन्यूटन होतो. तक्ता कोरड्या बोल्टचा की तेल लावलेल्या, हे आधी पाहा. क्रोफूट पाना (रेंचच्या टोकाला लावायचा उघड्या तोंडाचा जोड) दांड्याच्या रेषेत लावला तर आकडा बदलतो: १०० एनएम हवे, रेंचची लांबी ४०० मिमी आणि जोड ५० मिमी, तर ८९ वर लावा. काटकोनात लावला तर फरक पडत नाही.

कॅलिब्रेशन १२ महिन्यांनी किंवा ५००० वेळा आवळल्यावर, जे आधी येईल ते. बेळगावात, कोल्हापुरात किंवा पुण्यात प्रयोगशाळा निवडताना एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) शिक्का पाहून थांबू नका. तिच्या मान्यतेच्या यादीत टॉर्क आहे का आणि तुमची रेंज त्यात बसते का, ते तपासा. लांबी-व्यास मोजण्याची मान्यता टॉर्कला चालत नाही. साधन परत येईपर्यंत आठवडा जाऊ शकतो, म्हणून सगळे रेंच एकाच वेळी पाठवू नका. नवीन घेताना प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक आणि दांड्यावर कोरलेला अनुक्रमांक दुकानातच जुळवून घ्या.