विम्याचे कार्ड हातात होते, विमा मात्र नव्हता

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात आम्ही सहा वर्षांपासून राहतो आणि घरातली एकमेव गाडी माझ्या नावावर नोंदलेली आहे. गेल्या वर्षी या गाडीचा विमा ४७ दिवस खंडित झाला, नोंदणी निलंबित होण्याची वेळ आली, आणि त्या सगळ्या काळात मी मात्र दर महिन्याला नियमितपणे विम्याचे पैसे भरत होते. हे कसे घडले ते मी तपशीलवार लिहीत आहे, कारण ज्या गृहस्थांनी मला फसवले ते आपल्याच लोकांत वावरतात, आपल्याच भाषेत बोलतात, आणि आमच्यानंतरही त्यांच्याकडून विमा घेणारी कुटुंबे मला भेटली आहेत.

त्यांची ओळख गणेशोत्सवाच्या एका कार्यक्रमात झाली. प्रसादाच्या रांगेत गाडीच्या खर्चाचा विषय निघाला आणि त्या वर्षी आमच्या कंपनीने नूतनीकरणासाठी जवळजवळ ३,००० डॉलर मागितल्याचे मी बोलून गेले. क्वीन्समध्ये विमा महाग असतो हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ते गृहस्थ म्हणाले, "वहिनी, एवढे पैसे कशाला घालवता? मी आपल्या बऱ्याच मंडळींचे विमे काढून दिलेत." त्यांनी वर्षाचे १,९५० डॉलर सांगितले, त्यातले ६५० सुरुवातीला आणि बाकीचे दरमहा १३० याप्रमाणे दहा हप्त्यांत. पैसे त्यांच्या वैयक्तिक खात्यावर झेलने, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवण्याच्या इथल्या सोयीने, पाठवायचे होते. त्यांच्या कार्यालयाचा पत्ता मी विचारला नाही, परवाना क्रमांकही विचारला नाही, कारण ज्या माणसाने आरतीला शेजारी उभे राहून टाळ्या वाजवल्या त्याला परवाना विचारणे मला तेव्हा अपमानास्पद वाटले.

विमा १२ जानेवारीपासून सुरू झाला आणि एका नामांकित कंपनीचे विमा कार्ड आले, ज्याला इथे एफएस-२० म्हणतात. ते कार्ड खरे होते आणि नेमकी इथेच माझी दिशाभूल झाली, कारण त्यावर पूर्ण मुदतीच्या तारखा छापलेल्या होत्या. हप्ता थकला आणि कंपनीने विमा रद्द केला तरी आपल्या पाकिटातल्या कार्डावरची तारीख बदलत नाही, त्यामुळे कार्डाकडे पाहून विमा चालू आहे की नाही हे कळण्याची सोय नसते. त्या गृहस्थांनी पहिला हप्ता खरोखर कंपनीकडे भरला होता. फेब्रुवारीपासूनचे माझे १३० डॉलर मात्र त्यांच्याकडेच राहिले. न्यूयॉर्कमध्ये हप्ता थकल्यामुळे विमा रद्द करण्यापूर्वी कंपनीला किमान १५ दिवस आधी नोटीस पाठवावी लागते आणि तशी नोटीस कंपनीने पाठवलीही होती. ती मला मिळाली नाही, कारण हप्ता कमी यावा म्हणून त्यांनी अर्जात आमची गाडी याच राज्यातल्या दूरच्या सिरॅक्यूज शहरात उभी असते असे लिहून तिथला कुठलातरी पत्ता दिला होता. मी आयुष्यात कधी सिरॅक्यूजला गेलेले नाही. इतक्या स्वस्त विम्यामागचे सगळे कारण एवढेच होते.

३ मार्चला विमा रद्द झाला. या राज्यात विमा सुरू झाला किंवा संपला की कंपनी तशी नोंद थेट मोटार वाहन विभागाकडे, म्हणजे आपण सगळे ज्याला डीएमव्ही म्हणतो त्या खात्याकडे, संगणकावरून पाठवते. डीएमव्हीकडे माझा खरा पत्ता असल्याने २७ मार्चला त्यांचे पत्र घरी आले. तुमच्या गाडीचा विमा संपल्याचे आम्हाला कळवण्यात आले आहे, अखंड विमा असल्यास त्याचा पुरावा द्या, अन्यथा नोंदणी निलंबित होईल, असा त्याचा आशय होता.

त्या दिवशी मी विमा कंपनीला फोन केला असता तर पुढचे बरेच टळले असते. मी फोन त्या गृहस्थांना केला. ते जराही गोंधळले नाहीत. "वहिनी, हे कॉम्प्युटरचे पत्र असते, सगळ्यांना येते. डीएमव्हीत माझी ओळख आहे, मी मिटवून टाकतो. तुम्ही स्वतः काही पाठवू नका, नाहीतर केस वाढते," असे त्यांनी सांगितले आणि दंड व फी म्हणून ३०० डॉलर मागितले. मी ते पाठवले. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याच कंपनीच्या कार्डाचा फोटो आला, ज्यावर ३ मार्च ही सुरुवातीची तारीख होती. मागच्या तारखेपासून विमा कसा सुरू होऊ शकतो, हा प्रश्न मला पडला होता, पण मी तो विचारला नाही.

आणखी एका समजुतीने मला गाफील ठेवले आणि ती आपल्याकडच्या अनुभवातून आलेली असल्यामुळे मुद्दाम सांगते. भारतात गाडीची पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले की नो क्लेम बोनस टिकतो, हे माझ्या डोक्यात पक्के होते. त्यामुळे इथल्या नियमांतही ९० दिवसांचा उल्लेख वाचला तेव्हा ती सवलतीची मुदत असावी असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात न्यूयॉर्कमध्ये त्या ९० दिवसांतल्या प्रत्येक दिवसाचा हिशेब होतो. विमा नसलेल्या पहिल्या ३० दिवसांसाठी रोज ८ डॉलर, ३१ ते ६० या दिवसांसाठी रोज १० आणि ६१ ते ९० या दिवसांसाठी रोज १२ डॉलर असा दंड आहे. विमा ९० दिवसांपेक्षा जास्त खंडित नसेल आणि मागच्या ३६ महिन्यांत ही सवलत वापरलेली नसेल, तर नवा विमा घेऊन हा दंड भरता येतो आणि नोंदणीचे निलंबन टळते. नाहीतर नंबर प्लेट परत करून, जितके दिवस विमा नव्हता तितके दिवस गाडी बंद ठेवावी लागते. खंड ९१ दिवस किंवा त्याहून जास्त झाला तर नोंदणीबरोबर चालकाचे लायसन्सही निलंबित होते. म्हणून असे पत्र आल्यावर "मी बघतो" म्हणणाऱ्या माणसाच्या हाती विषय सोपवून वाट पाहणे हेच सर्वांत महागात पडते.

१८ एप्रिलला माझ्या यजमानांनी ते दुसरे कार्ड गाडीच्या कागदपत्रांशी ताडून पाहिले. गाडीचा ओळख क्रमांक १७ अंकाक्षरांचा असतो आणि त्यात शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून इंग्रजी ओ हे अक्षर कधीच वापरत नाहीत. या कार्डावरच्या क्रमांकात शून्याच्या जागी चक्क ओ होता, म्हणजे तो कोणीतरी हाताने टाइप केलेला होता. आम्ही लगेच दोन्ही कंपन्यांना त्यांच्या अधिकृत क्रमांकांवर फोन केले. दुसऱ्या कंपनीकडे त्या क्रमांकाची पॉलिसीच अस्तित्वात नव्हती. पहिल्या कंपनीच्या बाईंनी रद्द झाल्याची तारीख सांगितली आणि पडताळणीसाठी पत्ता विचारला. मी क्वीन्सचा सांगितला तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि मग मला सिरॅक्यूजची हकिगत कळली.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि त्याचे कारण पैसे नव्हते. पत्र आल्यानंतरचे २२ दिवस मी त्याच गाडीतून मुलीला शाळेत सोडत होते. या राज्यात विमा नसताना गाडी चालवताना सापडल्यास १,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, लायसन्स किमान वर्षभरासाठी रद्द होते आणि ते परत मिळवताना आणखी ७५० डॉलर भरावे लागतात. अपघात झाला असता तर समोरच्याच्या जखमांची जबाबदारी थेट आमच्या घरावर आली असती आणि चूक कोणाचीही असली तरी वैद्यकीय खर्चासाठी मिळणारे ५०,००० डॉलरपर्यंतचे नो-फॉल्ट संरक्षण विमा नसलेल्या गाडीची मालक म्हणून मला स्वतःला मिळाले नसते.

१९ एप्रिलला मी एका कंपनीकडून थेट, मध्ये कोणी न घालता, खऱ्या पत्त्यावर नवा विमा घेतला. पॉलिसीवरचे नाव आणि नोंदणीवरचे नाव अक्षर न अक्षर जुळते ना, हे दोनदा पाहिले, कारण ते न जुळल्यास डीएमव्हीच्या यंत्रणेत विम्याची नोंद गाडीला लागत नाही. ३ मार्च ते १८ एप्रिल हे ४७ दिवस झाले. पहिल्या ३० दिवसांचे २४० आणि पुढच्या १७ दिवसांचे १७० असा ४१० डॉलर दंड मी भरला आणि नोंदणी वाचली. पत्र आले त्याच दिवशी विमा घेतला असता तर खंड २४ दिवसांचा राहिला असता आणि दंड १९२ डॉलरवर थांबला असता. त्या गृहस्थांकडे एकूण १,३४० डॉलर गेले. बँकेने सांगितले की झेलचे पैसे मी स्वतःच्या इच्छेने पाठवलेले असल्यामुळे ते परत आणता येणार नाहीत. त्या गृहस्थांनी माझे फोन उचलणे बंद केले आहे.

तक्रार मी राज्याच्या वित्तीय सेवा विभागाकडे केली आहे, कारण विमा विकणाऱ्यांना परवाने देण्याचे काम तोच विभाग करतो. पोलिसांतही नोंद केली आहे. त्या विभागाच्या संकेतस्थळावर परवानाधारक ब्रोकरची नावे शोधता येतात. या गृहस्थांचे नाव तिथे नाही आणि हे शोधायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. ज्यांनी कोणाच्याही ओळखीने विमा घेतला आहे त्यांनी ते नाव तिथे शोधावेच, पण त्याहीआधी कंपनीला स्वतः फोन करून पॉलिसी चालू आहे का, हप्ता कधीपर्यंत भरलेला आहे आणि गाडीचा पत्ता कोणता नोंदवला आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. चुकीचा पत्ता आढळला तर तो त्याच फोनवर दुरुस्त करून घ्यावा, मग हप्ता वाढला तरी चालेल.

हिवाळ्यात दोन-तीन महिने भारतात जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हेच गृहस्थ तसा सल्लाही देत असत. गाडी उभीच राहणार आहे, मग विमा बंद करून पैसे वाचवा, असे ते सांगतात. गाडी चालवली नाही तरी नोंदणी चालू असेपर्यंत न्यूयॉर्कमध्ये विमा असलाच पाहिजे. विमा थांबवायचा असेल तर आधी नंबर प्लेट डीएमव्हीला परत करायच्या, एफएस-६टी ही पावती घ्यायची आणि मगच कंपनीला रद्द करायला सांगायचे. हा क्रम उलटा झाला तर तुम्ही पुण्यात असताना इथे दंडाचे दिवस मोजले जातात.

मी ओळखीच्या लोकांना कळवायला सुरुवात केल्यावर याच गृहस्थांकडून विमा घेतलेली आणखी तीन कुटुंबे भेटली. दोघांच्या पॉलिसी चालू होत्या, पत्ते मात्र सिरॅक्यूजचे होते. तिसऱ्यांनाही डीएमव्हीचे पत्र आले होते आणि त्यांनाही काही पाठवू नका असेच सांगितले गेले होते. त्यांचा खंड १०४ दिवसांचा झाला होता, त्यामुळे दंड भरून सुटण्याचा मार्ग त्यांच्यासाठी बंद झाला. प्लेट परत कराव्या लागल्या, लायसन्सही निलंबित झाले, आणि रुग्णालयात रात्रपाळी करणारे त्या तिसऱ्या कुटुंबातले गाडीमालक सध्या पहाटे दोन बस बदलून घरी येतात.