स्लॅबखालच्या खोलीत एक अख्खा उन्हाळा: रायझन ५ ७६००

आमचं घर नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात, चौथ्या मजल्यावर, आणि वर थेट स्लॅब. मे महिन्यात रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला की चटका नाही, पण ऊब चांगलीच लागते. कॉम्प्युटर याच खोलीत आहे. त्यामुळे प्रोसेसर घ्यायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी त्याचे वॉट, म्हणजे तो किती तापणार ते बघितलं, बाकी सगळं नंतर. दिवाळी २०२४ ला एएमडीचा रायझन ५ ७६०० घेतला. पूर्ण उन्हाळा त्यावर काढल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. उन्हाळा निघाला, म्हणून आता लिहिते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. पेपर तपासून झाले की रात्री दीड-दोन तास गेम खेळते, बहुतेक वेळा शहर वसवायचा. सिटीज स्कायलाइन्समध्ये मी चार वर्षांपासून एक शहर बांधतेय. मधोमध झिरो माईलसारखा चौक, पश्चिमेला अंबाझरी आणि फुटाळ्यासारखे दोन तलाव, आणि मेट्रोच्या दोन रेघा एकमेकींना छेदून जातात ते ठिकाण सीताबर्डीसारखंच. लोकसंख्या ऐंशी हजारांच्या वर गेली आणि माझा जुना इंटेलचा प्रोसेसर आय५-७४०० दमायला लागला. तो २०१७ चा, ४ कोर (हिशोब करणारे भाग) आणि ४ थ्रेडचा (एकाच वेळी चालणारी कामं). गेमचा वेग तिप्पट केला तरी रस्त्यावरची वाहनं पहिल्याच चालीने चालायची.

त्याआधी २०२३ मध्ये मी आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेऊन बसवलं होतं. फरक जवळपास शून्य. मग नीट तपासलं. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर शंभर टक्के आणि कार्ड चाळीसच्या आत. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं, पण फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) २४ च्या २५ झाल्या. अडलेलं कुठे आहे ते तिथेच कळलं. नवीन प्रोसेसर घ्यायच्या आधी प्रत्येकाने ही दहा मिनिटांची परीक्षा घ्यावी असं मला मनापासून वाटतं. रिझोल्यूशन कमी केल्यावर फ्रेम भराभर वाढल्या तर तुमचा प्रोसेसर ठीक आहे, पैसे कार्डात घाला. वाढल्या नाहीत तर पुढे वाचा.

माझ्या गेममध्ये प्रत्येक माणसाचा रस्ता, पाण्याचा प्रवाह, कचऱ्याच्या गाड्या, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो आणि कार्ड फक्त चित्र काढतं. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये शेकडो सैनिक एकदम भिडले की हीच गत. व्हॅलोरंट खेळणाऱ्या पोट्ट्यांना १४४ किंवा २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर तेवढ्या फ्रेम हव्या असतात, त्यांनाही प्रोसेसर लागतो. फोरकेच्या टीव्हीवर ६० फ्रेममध्ये कथेचे गेम खेळणाऱ्याला मात्र तितका लागत नाही, तिथे कार्डच आधी थकतं.

सीताबर्डीत तीन दुकानं फिरले. पहिल्या दुकानात पहिलंच वाक्य आलं, "मॅडम, गेमिंगसाठी म्हणता तर आय सेव्हनच घ्या नं, मग पाच वर्षं पाहाचं काम नाही." दाखवला तो आय७-१४७००के. फार ताकदीचा प्रोसेसर आहे, यात वाद नाही. पण पूर्ण जोरात त्याची मर्यादा २५३ वॉट. एवढी उष्णता माझ्या खोलीतच सोडायची आणि मग कूलरने तिच्याशी भांडायचं, हे मला पटेना. शिवाय इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांची २०२४ मधली भानगड ताजी होती. जास्त व्होल्टेजमुळे काही प्रोसेसर अस्थिर होत होते. इंटेलने ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कंपनीने जबाबदारी घेतली ही चांगली गोष्ट, पण मला त्या वाटेला जायचंच नव्हतं.

माझ्या वहीत शेवटी तीन नावं उरली. बाराव्या पिढीचा आय५-१२४००एफ, रायझन ५ ५६०० आणि ७६००. तिन्ही ६ कोर, १२ थ्रेड, तिन्ही ६५ वॉटच्या वर्गातले. आधीचे दोघे स्वस्त, आणि माझी जुनी डीडीआर४ रॅम दोघांतही चालली असती. सगळं मिळून साधारण पंधरा हजार वाचत होते. तरी ७६०० घेतला तो एएम५ सॉकेटसाठी, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेसाठी. एएमडीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ म्हणून जाहीर केलंय, आणि आधीच्या एएम४ च्या बाबतीत त्यांनी शब्द पाळलेला आहे. २०१७ चे बोर्ड नुसत्या बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटवर २०२२ चे प्रोसेसर चालवतात. तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता यावा, हा माझा हिशोब. तेव्हा ७८००एक्स३डी माझ्यासारख्या गेमला सगळ्यात मानवणारा होता, त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट स्मृती) ९६ एमबी, ७६०० ची ३२. पण किंमत दुपटीच्या पलीकडे होती. तो मी पुढच्या खेपेला घेईन.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका दुकानदाराने हजार रुपये कमी सांगितले, मी आगाऊ पैसे दिले, आणि हातात आला तो प्लास्टिकच्या पारदर्शक डबीतला प्रोसेसर. ना खोकं, ना सोबतचा पंखा. ट्रे पीस होता तो. अशा मालाला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही, दुकानदार देईल तेवढीच, आणि तो देत होता एक वर्षाची. मला आधी सांगितलं असतं तर मीच नाही म्हटलं असतं. न सांगता हाती टेकवला याचा मला फार राग आला. पैसे परत मिळवायला तीन चकरा पडल्या. विचारताना "बॉक्स पीस, तीन वर्षं, बिलावर सीरियल नंबर" एवढे शब्द तोंडातून गेलेच पाहिजेत.

जोडणी मी आणि माझा भाचा मिळून केली. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावरच्या सॉकेटात असतात, १७१८. वरून बघितलं तर बारीक सोनेरी कणसासारखं दिसतं, आणि त्यावर काही पडू नये म्हणून आपण श्वाससुद्धा सांभाळून घेतो. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग दांडी खाली आणताना कर्र असा आवाज येतो आणि काळं झाकण आपोआप उडतं. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं काहीतरी मोडलं. मोडलेलं नसतं.

बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं. भाचा म्हणाला, "मावशी, स्क्रीन काहून नाही येऊन राहिली? बंद करून पाहू का?" मी त्याचा हात धरला. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना बोर्ड तिची चाचपणी करतो, त्याला वेळ लागतो. चौथ्या मिनिटाला चित्र आलं. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो चालू केलं. ते केलं नाही तर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम कमी वेगानेच पळत राहते, आणि कित्येक जणांना ते वर्षभर कळत नाही.

आता उन्हाळा. सोबत येणाऱ्या पंख्याला रेथ स्टेल्थ म्हणतात. आपल्याकडे कूलर म्हटलं की वाळ्याच्या ताट्यांचाच डोळ्यासमोर येतो, म्हणून मी पंखाच म्हणते. जानेवारीत खोलीत २० अंश असताना गेममध्ये प्रोसेसर ६० च्या आसपास राहायचा. एप्रिलमध्ये खोली ३५ वर गेली आणि तोच गेम, तेच शहर, आकडा ७७. हवा जितकी तापते तितकाच प्रोसेसर वर सरकतो. परदेशातल्या चाचण्या एसीतल्या २१-२२ अंशांत झालेल्या असतात, त्यात आपल्या हवेचे पंधरा अंश सरळ मिळवायचे. मे महिन्यात व्हिडिओ एनकोड करताना तो ९५ ला टेकला आणि वेग कमी करून तिथेच थांबला. ९५ ही त्याची ठरवलेली मर्यादा आहे, बिघाड नाही. पण पंखा इतका ओरडायचा की पलीकडच्या खोलीत आई जागी व्हायची.

दोन उपाय केले. अडीच हजारांच्या आतबाहेर एका मनोऱ्याचा, चार हीटपाईपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) पंखा घेतला. आणि नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला त्या दिवशी बायोसमध्ये ४५ वॉटचा, कमी वीज घेणारा इको मोड लावला. मला भीती होती शहर पुन्हा रांगेल याची. ५८ फ्रेमच्या ५६ झाल्या. बाहेर पारा ४५ च्या वर, खोलीत ३७, आणि प्रोसेसर ६८ वर शांत. ते नऊ दिवस मी रोज खेळले. या प्रोसेसरवर माझा जीव जडला तो तेव्हा.

वाळ्याचा कूलर मात्र कॅबिनेटच्या तोंडावर लावू नका. पहिल्या आठवड्यात मी लावला होता. पुढच्या जाळीवर पांढुरका, दमट, धुळीचा थर बसला, नखाने खरवडून काढावा लागला. वाऱ्याचा झोत बाजूने जाऊ द्या आणि खिडकी थोडी उघडी ठेवा.

जुलैमध्ये ग्राफिक्स कार्डाचा एक पंखा खडखडायला लागला आणि कार्ड सव्वीस दिवस दुरुस्तीला गेलं. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आतच आहे. गेम सोडा, पण निकालपत्रकं, ऑनलाइन मीटिंग, आईच्या मालिका, सगळं चालू राहिलं. १२४००एफ किंवा ७५००एफ असता तर सव्वीस दिवस स्क्रीन काळी, कारण नावातल्या एफचा अर्थच आत ग्राफिक्स नाही असा. ज्याच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे त्याने ते दीड-दोन हजार जास्त द्यावेत.

उणं काय? बोर्ड आणि डीडीआर५ महाग पडतात, प्रोसेसर स्वतः नाही. सोबतचा पंखा नागपूरसाठी अपुरा आहे, त्याची किंमत आधीच धरून चाला. आणि कॉम्प्युटर चालू व्हायला जुन्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो.

भाच्याने त्याच्यासाठी ५६०० घेतला. मानेवाड्यात तळमजल्याची थंड खोली, फक्त व्हॅलोरंट, १४४ हर्ट्झचा मॉनिटर, आणि बजेट ठरलेलं. त्याला मीच घ्यायला लावला, आणि तो खूश आहे.

माझ्या शहराची लोकसंख्या काल एक लाख चाळीस हजार झाली. झिरो माईलच्या चौकात आता उड्डाणपूल लागणार आहे.