अकोल्याची शिवार फेरी: जाताना वावरातलं आजारी झाड सोबत घ्या

पोळा झाला की आमच्याकडे अकोल्याच्या शिवार फेरीची चौकशी सुरू होते. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ खरिपाची पिकं उभी असताना आपलं शिवार कास्तकारांसाठी मोकळं करतं. पैसे लागत नाहीत. नाव नोंदवायचं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसायचं, आणि प्लॉट-प्लॉटवर उतरून सोयाबीन, पऱ्हाटी, तूर, ज्वारी पाहत फिरायचं. विद्यापीठ १९६९ सालचं, विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांचं. त्यामुळे बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतची माणसं तिथं भेटतात.

मी आजवर तीनदा गेले. पहिल्या दोन खेपांना वाणांच्या पाट्या वाचल्या, फोटो काढले आणि घरी आले. यंदा ठरवून गेले की पाट्या कमी वाचायच्या आणि पिकाच्या ओळीत उभ्या असलेल्या पोरापोरींना, शास्त्रज्ञांना विचारायचं. ही फेरी चांगली का आहे, हे मला यंदा कळलं.

माझं सहा एकर वावर मूर्तिजापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. ज्यांना हा पट्टा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पूर्णा नदीच्या खोऱ्यातली ही काळी, खोल जमीन. दिसायला सोनं. पण विहीर खणली तर खारं पाणी लागतं, आणि झड लागली की पाणी मुरत नाही, तासातासात साचून राहतं. आमच्यातल्या बहुतेकांची शेती वरच्या पाण्यावरच.

निघताना पहाटे वावरातून सोयाबीनची तीन झाडं उपटली. तिन्ही पिवळी किंवा सुकलेली, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ओल्या फडक्यात मुळं गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली. सोबत आमच्या बचत गटाच्या तूरडाळीची अर्धा किलोची पुडी. मूर्तिजापुरातून एसटीने अकोला, तिथून ऑटो.

सोयाबीनच्या प्लॉटवर एमएस्सीची एक मुलगी उभी होती, वाशीमकडची. मी पिशवी पुढे केली तर आधी म्हणाली, "काकू, इथं उघडू नका. पांढरी माशी असली तर आमच्या प्लॉटात उडून जाईल." मला बाजूला धुऱ्यावर घेऊन गेली आणि खाली बसून तिन्ही झाडं मांडली.

पहिल्या झाडाच्या पानावर हिरवे-पिवळे ठिपके, कशाचा कशाला मेळ नाही. हा पिवळा मोझॅक. विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते. झाड बरं करणारं औषध नाही. दिसलं की उपटायचं, माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावायचे. दुसऱ्या झाडाची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, जशी कुणी पेनाने आखल्यासारखी. हा रोग नाहीच, लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण खारवट-चुनखडी जमिनीत झाडाला ते उचलता येत नाही. तिसऱ्याचा शेंडा सुकलेला. तिने देठाजवळ बोट ठेवून दोन बारीक गोल खाचा दाखवल्या, नखाने खोड चिरलं आणि आतून पिवळसर अळी काढून तळहातावर ठेवली. चक्रीभुंगा. मादी खोडावर दोन चक्रं पाडते, मधे अंडं घालते, वरचा भाग वाळतो.

तीन झाडं, तीन दुखणी. आणि मी तिन्हींसाठी तालुक्यातल्या एका दुकानातून एकच पुडी आणून फवारली होती. दुकानदाराने झाड पाहिलं नव्हतं, "पिवळं पडलं" एवढंच ऐकलं होतं. त्या फवारणीचे पैसे आठवले की आजही जीव तुटतो. मजुरी धरली तर आमच्यासारख्यांना तो आकडा लहान नाही.

त्या पोरीचा अभ्यासच पांढऱ्या माशीवर आहे. दर आठवड्याला पहाटे, माशी सुस्त असताना, पानं हळूच उलटी करून ती माश्या मोजते. "ऊन चढलं की उडतात, मग मोजणी खोटी होते," म्हणाली. मला हे फार भावलं. आम्ही फवारणी दुपारपर्यंत लांबवतो आणि मग म्हणतो औषध लागलं नाही.

मी विचारलं, "बाई, ही तुमची 'अंबा' सोयाबीन इथं एवढी लदबदली आहे, माझ्या वावरात येईल का?" तिने लगेच हो म्हटलं नाही. इथली माती आणि तुमची माती एक नाही, आधी एका तुकड्यात पेरून पाहा, शेजारी तुमची नेहमीची जेएस-३३५ ठेवा आणि दोन्हीची रास वेगळी मोजा, असं म्हणाली. विकायला बसलेला माणूस असं सांगत नाही.

यंत्रांच्या दालनाकडे मात्र मुद्दाम गेले. आमच्या बचत गटाकडे पीकेव्ही मिनी दाल मिल आहे, ती याच विद्यापीठात तयार झालेली. मिल चांगली चालते, पण आमच्या डाळीत चुरी जास्त निघते आणि काही दाण्यांचं साल निघतच नाही. तिथं एमटेक करणारा मुलगा होता. पुडीतली डाळ त्याने कागदावर पसरली. सालं राहिलेले सगळे दाणे बारीक आणि तुटलेले सगळे ठोकळ, हे त्याने बोटाने वेगळे करून दाखवले. मग विचारलं, "तूर कोणाकोणाची आहे ही?" पाच जणींची, पाच वावरांची, एकाच ढिगात. मिलमधल्या फटीचं अंतर एका मापाच्या दाण्यासाठी लावलेलं असतं. मोठा दाणा त्यात भरडतो, लहान तसाच निसटतो. आधी चाळणी मारा, लहान आणि ठोकळ वेगळं करा, मग अंतर बदलून दोनदा काढा. एवढंच. सोबतच्या सुशीलाताईंनी तिथेच वहीत लिहून घेतलं, त्या गटाचा हिशोब ठेवतात.

भाजीपाला, फुलं, जनावरं, सगळं आहे. मी त्यात घाईने फिरले, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

दुपारी झाडाखाली शिदोरी सोडली तेव्हा शेजारी एक जण बसला होता. याच विद्यापीठातून बीएस्सी अ‍ॅग्री झालेला, आता घरची शेती करतो, तीही खारपाणातच. शिकत असताना 'कृषिदूत' म्हणून दुसऱ्याच्या गावात राहून लोकांना सल्ले दिले होते, आणि स्वतःच्या वावरात आल्यावर पहिली दोन वर्षं तोंडघशी पडलो, असं त्यानेच सांगितलं. विहिरीचं खारं पाणी दिलं, जमीन दगडासारखी बसली. मग आपल्या जुन्या मास्तरांकडे परत गेला. आता शेततळ्यात पावसाचं पाणी धरतो. हरभरा 'जाकी' पेरतो आणि फुलाच्या आधी तुषारने एकच संरक्षित पाणी देतो. जाकी आम्ही सगळेच पेरतो, पण त्या नावात जबलपूर, अकोला आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट संशोधन संस्था अशा तिघांची अक्षरं आहेत, हे मला त्याच्याकडून कळलं. असे माजी विद्यार्थी फेरीत पुष्कळ येतात. शास्त्रज्ञाकडून कारण कळतं, यांच्याकडून खर्च कळतो. दोन्ही लागतं.

ज्यासाठी मी पुन्हा जाईन ती गोष्ट मृदशास्त्राच्या टेबलावर होती. पीएचडी करणाऱ्या एका मुलाने दोन बाटल्या ठेवल्या होत्या. दोन्हींत खारपाणाची माती आणि पाणी. एक गढूळ, चहासारखी. दुसरी स्वच्छ, माती तळाशी बसलेली. दुसरीत चिमूटभर जिप्सम होतं. आमच्या मातीत सोडियम जास्त, त्यामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरत नाहीत, सुटे होऊन छिद्रं बुजवतात. म्हणून पाणी मुरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि कण पुन्हा गठ्ठ्याने बसतात.

मी म्हटलं, "मी टाकलं होतं जिप्सम. काही झालं नाही."

"केव्हा टाकलं, काकू?"

"दिवाळी झाल्यावर."

त्याने वाकून विचारलं, "मग सुटलेला सोडियम वाहून न्यायला पाणी कुठून आलं?"

इतकी वर्षं कोणी हे सांगितलं नव्हतं. जिप्सम मृगाच्या आधी टाकायचं, म्हणजे सुटलेला सोडियम पाऊस धुऊन नेईल. आणि धुतलेलं पाणी बाहेर पडायला वावराच्या उताराकडे चर हवा, नाहीतर क्षार तिथेच राहतात. किती टाकायचं ते माती तपासल्याशिवाय सांगणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. चोपण, म्हणजे पाणी न मुरणाऱ्या तुकड्याचा आणि चांगल्या तुकड्याचा नमुना वेगवेगळा घ्यायचा, एकात मिसळायचा नाही.

तो स्वतः कास्तकाराचा पोरगा. तिसरं वर्ष याच मातीवर घालवतो आहे. उन्हाळ्यात आमच्याच भागातल्या वावरांतून नमुने गोळा करत फिरतो. मी माझ्या वावराचं ठिकाण दिलं. आला तर जेवूनच जाईल.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द. सकाळी लवकर पोचा, प्लॉटवर बोलायला वेळ मिळतो. ट्रॉलीतून पाहून पुढे जाणारे पुष्कळ दिसले, तसं करू नका, उतरा. बायांनी गटाने जावं, म्हणजे एकीने विचारायचं आणि दुसरीने लिहायचं. टोपी, पाणी, चालायला बरी चप्पल. एका दिवसात सगळं होत नाही, दोनच विषय धरा. कोणत्याही वाणाबद्दल विचारताना माती कोणती आणि पाणी किती दिलं हे आधी विचारा. आणि आजारी झाड न्यायचं तर बंद पिशवीत.

घरी आल्यावर कोठ्यात जुन्या जिप्समची अर्धी गोणी सापडली. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या धुतल्या, दोन्हींत खालच्या धुऱ्याजवळची माती आणि टाक्यातलं पावसाचं पाणी घालून हलवल्या, आणि एकीत चिमूटभर जिप्सम टाकलं. खिडकीत ठेवल्या आहेत. जिप्समची बरणी सकाळपर्यंत निवळली. दुसरी आज चौथ्या दिवशीही गढूळ आहे.