ग्रंथालयात मोबाइल शिकवायचा: वर्ग भरवून की टेबल मांडून?

ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी श्रेणीत सर्वांत लहान ग्रंथालयात ग्रंथपाल बहुधा एकटाच, तोही अर्धवेळ. त्यामुळे दोन्ही एकदम जमत नाही.

वर्गात आठ-दहा जण, दीड तास, एकच विषय. फसवे मेसेज ओळखणं इथेच चांगलं शिकवता येतं, कारण एकाला आलेला मेसेज सगळ्यांना दाखवता येतो. पैसे घेताना यूपीआय पिन लागत नाही, हे चारचौघांत ऐकलं की लक्षात राहतं. पण डिजिलॉकरचा (सरकारी कागदपत्रं फोनवर ठेवायच्या ॲपचा) वर्ग हमखास फसतो. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो आणि तो नंबर अनेकदा मुलाचा असतो, मुलगा पुण्यात! कुणाच्या फोनमध्ये जागाच नाही, कुणाला पासवर्ड आठवत नाही. हे आदल्या दिवशीच तपासावं.

टेबलावर माणशी वीस मिनिटं, त्याचाच फोन, त्याचंच काम: सातबारा काढणं, फॉर्म भरणं. शिकणं इथे खोल होतं. धोका एकच, घाईत ग्रंथपालच सगळं करून देतो आणि तोच माणूस आठवड्याने परत येतो. म्हणून फोन वाचकाच्याच हातात ठेवावा, पायऱ्या त्यानेच कागदावर लिहाव्यात. ग्रंथालयाचा संगणक वापरला असेल तर लॉगआउट करून डाउनलोड फोल्डरमधली आधारची पीडीएफ पुसावी, रीसायकल बिनमधूनही. हे सर्रास विसरलं जातं.

आमचा कौल आधी टेबलाला. महिनाभर प्रश्न वहीत टिपावेत. जे पुन्हापुन्हा येतील त्यांचाच वर्ग घ्यावा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर मात्र आजच भिंतीवर लावावा.