सेलम्स लॉट: 1975ची कादंबरी की 2024चा सिनेमा?

इंदुरात, रामबागेतल्या आमच्या वाचनकट्ट्यावर यावर वाद झाला. माझं मत ठाम आहे: कादंबरीच. लेखक स्टीफन किंग आधी गाव दाखवतो, चहाड्या, दारू, घराघरातली भांडणं; पिशाच्च नंतर. म्हणून एकेक घर अंधारलं की जीव तुटतो. सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असणाऱ्या वाड्यात वाढलेल्यांना तर हे फारच भिडतं.

गॅरी डॉबरमनच्या सिनेमात दोन तासांच्या आत सगळं उरकलंय. ओळख होण्याआधीच माणसं मरतात. पुस्तकातला बार्लो, म्हणजे मुख्य पिशाच्च, गोड बोलतो, पत्र लिहून डिवचतो. पडद्यावरचा बहुतेक दातच विचकतो. ड्राइव्ह-इनमधला (गाडीत बसून सिनेमा बघायच्या मैदानातला) शेवट देखणा आहे, पण त्यापायी मार्स्टन हाउस या गावातल्या भयाण घराची दहशत गेली. बघायचंच असेल तर याच कादंबरीवरची टोबी हूपरची 1979ची टीव्ही मालिका बघा. बार्लो तिथे बोलत नाही, पण गाव उभं राहतं.